अर्ध्या मिलिमीटरचं भोक

शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक छोटा, स्क्रूसारखा तुकडा बसवलेला असतो. गॅरेजवाले त्याला स्लो जेट म्हणतात. त्यातून आरपार गेलेलं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि सिग्नलला उभी असलेली गाडी चालू राहते ती त्या भोकातून येणाऱ्या पेट्रोलवर. टाकीतल्या गंजाचा एखादा कण तिथे अडकला की सगळं बिनसतं. चोक ओढला की गाडी चालू होते, सोडला की बंद पडते. रेस वाढवून धरली तर पळते, क्लच दाबून थांबलं की मान टाकते. मालक किक मारून मारून घामाघूम होतो आणि शेवटी गाडी ढकलत गॅरेज गाठतो. मिस्त्री एकदा कान देतो, पेट्रोल कॉक बंद करतो आणि म्हणतो, "कचरा आलाय भाऊ. कार्बोरेटर खोलावा लागेल."

पावसाळा सरत आला की गॅरेजांमध्ये हे वाक्य जरा जास्तच कानावर येतं. चार महिने ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या गाड्या दसऱ्याच्या पूजेसाठी बाहेर निघतात. धुतल्या जातात, हार घातला जातो आणि त्यांतल्या कित्येक चालूच होत नाहीत. उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधलं पेट्रोल हळूहळू उडून जातं आणि मागे पिवळसर, चिकट राळ उरते. ती सुकली की वार्निशसारखी घट्ट होते. जेटचं भोक बुजवायला तिचा पातळसा थरही पुरतो.

ही तक्रार जुन्या काळाची राहिली, असं अनेकांना वाटतं. तसं वाटायला कारणही आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकं लागू झाली आणि नव्या दुचाकींमधून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. बजाजच्या सीटी आणि प्लॅटिनासारख्या काही स्वस्त गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा कार्बोरेटर टिकला, बाकी बाजार बदलला. पण खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. मार्च २०२० मध्ये पासिंग झालेली कार्बोरेटरची गाडी मार्च २०३५ पर्यंत कायदेशीरपणे रस्त्यावर राहील. त्यानंतरही तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांची मुदत वाढवता येते. गावोगावची दूध घालणारी, शाळेत सोडणारी, बाजाराला जाणारी स्प्लेंडर एवढ्यात निवृत्त होणार नाही. दरम्यान गॅरेजमध्ये आलेली नवी मुलं स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचायला शिकली आहेत. कानाने इंजिन लावणारे हात मात्र साठीकडे झुकले आहेत. गाड्या राहणार आणि त्या जाणणारा माणूस आधी जाणार, ही खरी अडचण आहे.

कार्बोरेटरची करामत समजायला फार विज्ञान लागत नाही. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. इटलीतल्या जोव्हान्नी बात्तिस्ता वेंचुरी याने १७९७ मध्ये प्रवाहाचा हा गुण मांडला आणि कार्बोरेटरच्या गळ्याला आजही त्याचंच नाव आहे. १८९३ मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखने आणि त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये दोनात बांकी व यानोश चोंका या जोडीने पेट्रोलची फवार उडवणारा कार्बोरेटर पुढे आणला. त्याआधीची तऱ्हा म्हणजे पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा न्यायची आणि वाफ मिळेल तेवढी घ्यायची.

पिस्टन खाली गेला की गळ्यातून हवा खेचली जाते आणि तिथला दाब उतरतो. खाली वाटीत पेट्रोल असतं. त्याच्यावर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, म्हणून ते जेटमधून वर ढकललं जातं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. वाटीतली पातळी सांभाळायला फ्लोट असतो. घराच्या गच्चीवरल्या टाकीतला बॉल पाणी भरलं की नळ बंद करतो, तसा हा पेट्रोल भरलं की सुईने वाट बंद करतो. गाडी उभ्या जागी मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर चालते तेव्हा चार स्ट्रोकचं इंजिन त्या मिनिटात ७०० वेळा श्वास घेतं. त्या प्रत्येक श्वासाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल मिळावं, असा हिशेब असतो. एकही तार नसलेलं, एकही चिप नसलेलं हे यंत्र तो हिशेब शंभरेक वर्षं सांभाळत आलं. त्याचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालेलं नाही.

एका जेटने हे काम भागत नाही. एक्सलेटर जेमतेम पिळलेला असताना स्लो जेट आणि त्याचा स्क्रू काम करतात. पाव ते पाऊण पिळाच्या टप्प्यात गळ्यात वरखाली होणाऱ्या स्लाइडला लटकणारी निमुळती सुई पेट्रोल मोजते. त्यापुढे पूर्ण पिळाला मेन जेटची सत्ता. हे एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धं निदान घरबसल्या होतं. गाडी थांबल्यावर बंद पडते पण रस्त्यावर झकास पळते, तर मेन जेटला दोष देण्यात अर्थ नाही. सावकाश छान चालते पण ऐंशीच्या पुढे गेलं की अडखळते, तर स्लो जेट साफ करून काय उपयोग?

आपल्याकडची दुचाकी या यंत्राच्या आधारानेच मोठी झाली. चेतक सकाळी चालू होईना की तिला एका अंगावर कलती करायची, ही मराठी मध्यमवर्गातली घरोघरची क्रिया होती. कलती केली की पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतं, हा त्यामागचा हिशेब. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० आली. पहिलीने मायलेजची गोडी लावली, दुसरीने ९८ सीसीच्या टू-स्ट्रोकमधून ११ अश्वशक्ती काढून पोरांना वेड लावलं. बुलेट आधी अमाल कार्बोरेटरवर चालायची, नंतर तिला मिकार्ब आला. मिकुनी या जपानी कंपनीच्या तंत्रावरचे कार्बोरेटर चेन्नईजवळ युकाल कंपनी बनवत आली आणि केहिन या दुसऱ्या जपानी कंपनीचा कारखाना आपल्या पुण्याजवळ चाकणला उभा राहिला. म्हणजे कित्येक गाड्यांचं हे नाजूक काळीज खेड तालुक्यात घडलं आहे.

पल्सर २२० ची गोष्ट या संदर्भात सांगितलीच पाहिजे. बजाजने २००७ मध्ये ही गाडी फ्युएल इंजेक्शनसह आणली. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, तीच गाडी कार्बोरेटर लावून पुन्हा बाजारात आली. ती स्वस्त होती आणि तिची ताकद २० वरून २१ अश्वशक्तीवर गेली होती. खपली तीच. नीट जुळवलेला कार्बोरेटर ताकदीत इंजेक्शनला हार जात नव्हता. तो हरला धुराच्या मोजमापात. थंड इंजिन, गरम इंजिन, समुद्रकाठ, घाट, अशा प्रत्येक स्थितीत मिश्रण स्वतःहून बदलणं त्याला जमत नाही आणि बीएस-६ ला नेमकं तेच हवं होतं.

आता साफसफाईकडे. इथे लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, कारण बिघडतं तेही इथेच.

पहिली गोष्ट, कार्बोरेटर खोलायच्या आधी बाकीचं पाहिलं पाहिजे. गाडी पाच-सात किलोमीटर चालून बंद पडत असेल आणि टाकीचं झाकण उघडून लावल्यावर पुन्हा पळत असेल, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलेलं आहे. टाकीत हवा शिरत नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही. स्पार्क प्लग काढून बघावा. टोक कॉफीच्या रंगाचं असेल तर मिश्रण ठीक, काजळीसारखं काळं असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरकं असेल तर पेट्रोल कमी. काळा प्लग दिसला की कार्बोरेटरकडे बोट दाखवलं जातं, पण पुष्कळदा दोष असतो धुळीने भरलेल्या एअर फिल्टरचा. कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. स्पंजचा फिल्टर धुवून, वाळवून, हलकं ऑइल लावून परत बसवता येतो. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडाला चीर गेली असेल तर तिथून फुकटची हवा शिरते. मग एक्सलेटर सोडल्यावरही रेस खाली येत नाही. अशा गाडीचा कार्बोरेटर दहा वेळा धुतला तरी फरक पडणार नाही.

मग खोलायचा. वाटीचे स्क्रू दिसायला साध्या फुलीचे असतात, पण जपानी कार्बोरेटरवरचे स्क्रू जपानी मापाचे असतात. बाजारातला नेहमीचा फुलीचा पेचकस त्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की निसटतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरवर छिन्नी-हातोडीचे घाव दिसतात ते याच कारणाने. योग्य मापाचा पेचकस ही मिस्त्रीची पहिली ओळख मानावी.

वाटी काढली की तळ बघायचा. तांबूस पूड असेल तर टाकी आतून गंजली आहे. पांढरी भुकटी असेल तर पाण्याने धातू खाल्ला आहे. हिरवट-पिवळा चिकटा असेल तर गाडी फार दिवस उभी होती. जाणता माणूस ही वाटी फडक्याने पुसण्याआधी गिऱ्हाईकाला दाखवतो. कारण टाकी गंजलेली असताना नुसता कार्बोरेटर धुऊन दिला, तर पंधरवड्यात तीच गाडी त्याच तक्रारीने परत येणार आणि बोल कार्बोरेटरला लागणार.

जेट काढताना आणि बसवताना हात हलका हवा. पितळ मऊ असतं. बेताबाहेर आवळलं तर खाच तुटते, आटे जातात. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे जेटमध्ये तार घालणं. केबलची एक तार काढून भोकातून दोनदा फिरवली की कचरा निघतो, गाडी चालू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण केहिनच्या जेटवर कोरलेला आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. ३८ नंबरचा जेट म्हणजे ०.३८ मिलिमीटर. कारखान्याने शंभराव्या भागाने मोजलेलं भोक पोलादी तारेने खरवडल्यावर ते ३८ चं राहत नाही. मायलेज उतरतं आणि का उतरलं ते कोणालाच कळत नाही. जेट क्लीनरमध्ये किंवा पेट्रोलमध्ये भिजवावा, हवेच्या झोताने फुंकावा, उजेडाकडे धरून भोक गोल दिसतं का बघावं. तरीही निघालं नाही तर नवा घालावा. पुण्यात नाना पेठेत जेट, सुई, वायसर, पॅकिंग सगळं सुटं मिळतं. तिथेही सावध राहावं लागतं, कारण आकडा एक आणि भोक भलतंच असे नकली जेट सर्रास विकले जातात. आरएक्स १०० च्या हौशी मालकांना याचा चांगलाच चटका बसलेला आहे. तिच्या जुन्या अस्सल कार्बोरेटरसाठी काही जण आता अल्ट्रासॉनिक यंत्र वापरतात. कोमट द्रावणात सेकंदाला सुमारे ४० हजार कंपनं दिली की जिथे ब्रश पोचत नाही अशा वाटाही मोकळ्या होतात. घासपूस नाही, धातूला इजा नाही.

हवा मारतानाही अक्कल लागते. फ्लोट आणि त्याची सुई काढल्याशिवाय कंप्रेसरची हवा सोडली की सुईची बैठक बिघडते आणि मग गाडी ओव्हर होते, म्हणजे वाटीतून पेट्रोल सांडत राहतं. हे सांडणं बाहेर झालं तर निदान दिसतं. आत झालं तर पेट्रोल सिलिंडरमधून झिरपून इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करून टाकतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी एक किलोमीटरही चालवू नये. करिझ्मा आणि युनिकॉर्नसारख्या गाड्यांच्या कार्बोरेटरमध्ये स्लाइडला पातळ रबरी पडदा असतो. त्यावर क्लीनरचा स्प्रे पडला तर तो फुगतो, टोचला तर फाटतो. पडदा फाटला की स्लाइड वर उचलली जात नाही आणि गाडी कितीही पिळा, पुढे सरकत नाही. काही गाड्यांत बाजूला थ्रॉटलचा सेन्सर असतो. तो तर पेट्रोलच्या भांड्यात जाताच कामा नये.

शेवटी येतो तो एक छोटा स्क्रू, ज्याने महाराष्ट्रातल्या असंख्य गाड्यांचं मायलेज खाल्लं आहे. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो. आत फिरवला की हवा कमी, पेट्रोल जास्त. तोच स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचं मिश्रण मोजतो. आत फिरवला की पेट्रोल कमी. म्हणजे एकाच दिशेला फिरवून दोन गाड्यांत उलटे परिणाम. हे न समजता फिरवणारे हात खूप आहेत. रीत अशी की इंजिन चांगलं गरम करायचं, स्क्रू अलगद पूर्ण आत न्यायचा, साधारण दीड-दोन वेढे बाहेर काढायचा आणि मग पाव-पाव वेढ्याने फिरवत जिथे रेस सर्वांत वर आणि स्थिर लागते तिथे थांबायचं. नंतर आयडलचा स्क्रू कमी करून १,४०० वर आणायचं. आवाज एका लयीत येतो. जुने मिस्त्री डोळे मिटून हे करतात, आणि त्यात दिखावा काही नसतो.

या मिस्त्रींच्या तब्येतीबद्दल कोणी बोलत नाही. वर्षानुवर्षं उघड्या हातांनी पेट्रोलमध्ये सुटे भाग धुणं, जेट ओठात धरून फुंकणं, नळीने तोंडाने पेट्रोल ओढणं, हे गल्लोगल्ली चालतं. पेट्रोलमध्ये बेंझिन असतं. बीएस-६ मध्येही त्याला एक टक्क्यापर्यंत मुभा आहे आणि बेंझिनने माणसाला कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्रात सिद्ध झालेलं आहे. रबरी हातमोजे, हाताने दाबायचा पंप आणि मोकळी हवा एवढ्यानेही बराच बचाव होतो. गॅरेजच्या कोपऱ्यात बारा-पंधरा वर्षांचा पोरगा पेट्रोलच्या डब्यात हात घालून बसलेला दिसला तर गिऱ्हाईकाने विचारायला हवं. गाडी चांगली करून घेण्याइतकीच ती आपली जबाबदारी आहे.

अलीकडे या सगळ्यात उसाने प्रवेश केला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा कार्यक्रम देशात २००३ मध्ये सुरू झाला. २०२२ च्या जूनमध्ये मिश्रण दहा टक्क्यांवर पोचलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ मध्ये ते देशभर रुळलं. मळीपासून, उसाच्या रसापासून आणि आता मक्यापासूनही हे इथेनॉल बनतं. कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांना त्याने आधार दिला, हे खरं आहे. पण त्याच शेतकऱ्याच्या दारातली २०१२ ची गाडी या पेट्रोलसाठी घडवलेली नाही, हेही तितकंच खरं आहे.

कारण साधं आहे. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पटच पुरते. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटर बापडा जुन्याच भोकातून जुन्याच मापाने देत राहतो. मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं; सकाळी चोक जास्त वेळ धरावा लागतो, इंजिन तापतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जाही पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या दुचाकींचं मायलेज यामुळे तीन ते चार टक्क्यांनी उतरेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. थोडं पाणी ते स्वतःत सामावून घेतं. प्रमाण वाढलं की पेट्रोलला सोडून पाण्यासकट तळाला बसतं, आणि कॉक तळाजवळच असतो. कोकणातल्या दमट हवेत, अर्ध्या रिकाम्या टाकीत हे लवकर घडतं. जुन्या पद्धतीचे रबरी वायसर आणि नळ्याही त्याने फुगतात.

यावर घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण सवयी बदलायला हव्यात. वायसर-पॅकिंगचा संच आता इथेनॉलला टिकणारा घ्यावा. गाडी आठवड्यातून एकदा तरी पाच-दहा किलोमीटर चालवावी. लीन होण्याची लक्षणं दिसली तर स्क्रू पाव-अर्धा वेढा योग्य दिशेला हलवून बघावा. तेवढ्याने भागलं नाही, तर स्लो जेट एक नंबरने मोठा घालण्याबद्दल अनुभवी मिस्त्रीशी बोलावं. उंचीवर याच्या नेमकं उलट होतं. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्के कमी, तर खारदुंगला खिंडीत जवळजवळ निम्मा. हवा विरळ, पेट्रोल तेवढंच, म्हणून काळा धूर आणि दम लागलेलं इंजिन. लडाखला कार्बोरेटरची बुलेट नेणारे सोबत लहान जेट बाळगतात ते यासाठी. महाबळेश्वरच्या दोन दिवसांसाठी मात्र काही बदलू नये. घाट उतरला की गाडी आपोआप ताळ्यावर येते.

आयटीआयच्या मेकॅनिकच्या वर्गांमध्ये कार्बोरेटर अजून शिकवला जातो, तो तिथून काढू नये. उलट निवृत्तीला आलेल्या मिस्त्रींना आठवड्यातून एक दिवस मानधन देऊन बोलवावं. २०३५ पर्यंतचं काम त्या मुलांसमोर वाढून ठेवलेलं आहे.

आणि वाचकाने एवढं करावं. दिवाळीला चार दिवस गावी जाताना पेट्रोल कॉक बंद करावा. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावं. इंजिन थंड हवं आणि जवळ दिवा, उदबत्ती, फटाके काही नको. बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवावी. तळाशी वेगळा थर किंवा तांबूस पूड दिसली, तर मिस्त्रीला ती बाटली दाखवावी आणि आधी टाकी साफ करायला सांगावं, मग कार्बोरेटर.